नवी डॉमिनार येणार म्हणे : अटकळ, कयास, कुणकुण की कंडी?

बजाजची डॉमिनार ४०० ही मोटारसायकल चालवणारी माणसं एकत्र आली की चहा येईपर्यंत विषय नव्या गाडीवर जातोच. इंजिन बदलणार, टाकी मोठी होणार, काच उंच येणार, किंमत उतरणार. या सगळ्या बोलण्याला आपण सरसकट 'अफवा' म्हणतो, नाहीतर 'स्पेक्युलेशन चाललंय' म्हणून मोकळे होतो. मला हे मनापासून खटकतं. मराठीत या कामासाठी भरपूर शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जुनी गाडी विकून नव्या शेपची वाट बघत बसलेल्या माणसाला त्यांतला फरक कळला नाही, तर त्याचं खरंच नुकसान होतं.

मला हा फरक शब्दापेक्षा त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदात जास्त स्पष्ट दिसतो. अटकळ आपण 'बांधतो', आडाखाही 'बांधतो', तर्क 'करतो'. म्हणजे ते करणारा कुणीतरी आहे आणि 'कशावरून?' असं त्याला विचारता येतं. अफवा आणि आवई मात्र 'उठते', 'पसरते'; तिचा कर्ता वाक्यात सापडत नाही. अफवा हा शब्द ज्या अरबी शब्दावरून आला त्याचा अर्थच 'तोंडं' असा आहे, अनेकवचनी. तिसरा गट आणखी वेगळा : वावडी 'उठवतात', कंडी 'पिकवतात'. इथे कर्ता आहे, पण त्याला खोटं माहीत असूनही तो ते सोडून देतो.

आता हे डॉमिनारला लावून बघू. फेब्रुवारी २०१४ च्या ऑटो एक्स्पोत बजाजने 'पल्सर सीएस ४००' नावाने ही गाडी दाखवली. विक्रीला आली डिसेंबर २०१६ मध्ये. मधल्या काळात 'क्रॅटोस' हे नाव छापूनही आलं, आणि शेवटी गाडी 'डॉमिनार' म्हणून उभी राहिली. एक्स्पोतल्या गाडीचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के सोसणारे दोन दांडे, उलट्या बसवणीचे (यूएसडी) होते. २०१६ च्या गाडीला साधे आले. तेव्हापासून 'उलटे फोर्क येणार' हे बोलणं सुरू झालं आणि २०१९ मध्ये ते आलेसुद्धा. एकदा कंपनीनेच दाखवलेली वस्तू पुढे कधीतरी येईल, असं म्हणणाऱ्यांना त्या काळात 'अफवा पसरवू नका' असं ऐकून घ्यावं लागलं. ती अफवा नव्हती, चांगली सकारण अटकळ होती.

उलटं उदाहरण ३९९ सीसीचं. डॉमिनारचं ३७३ सीसीचं इंजिन मूळचं केटीएम कंपनीच्या ३९० ड्यूक या गाडीच्या घराण्यातलं. २०२३ मध्ये नव्या ड्यूकला ३९९ सीसीचं इंजिन मिळाल्यावर पुष्कळांनी म्हटलं की आता डॉमिनारलाही तेच मिळणार. हा अस्सल कयास : एका ठिकाणी जे घडलं त्यावरून तशाच दुसऱ्या ठिकाणाबद्दल केलेलं अनुमान. मे २०२४ मध्ये बजाजचीच पल्सर एनएस ४००झेड ३७३ सीसीवरच आली, आणि जुलै २०२५ ची सुधारित डॉमिनारसुद्धा. कयास चुकला. पण चुकला म्हणून तो अफवा ठरत नाही, कारण त्यामागचं कारण पहिल्या दिवसापासून उघड मांडलेलं होतं.

दोन प्रश्न जाणकारांना. चाचणीच्या गाडीचे चोरून काढलेले फोटो येतात, त्यातून कळलेल्या गोष्टीला काय म्हणावं? आणि 'रीडिझाइन'ला तुमच्याकडे काय म्हणतात?

—

चाकणहून

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर : सुगावा. कुणकुण कानाला लागते, सुगावा मागावर राहून लागतो. आमच्या भागात, चाकण-तळेगाव रस्त्याला, चाचणीच्या गाड्या दिसणं नवलाचं नाही. अंगभर काळ्या-पांढऱ्या नक्षीचे स्टिकर, नंबरप्लेटच्या जागी लाल पाटी, मागे वायरी लोंबणारी एखादी पेटी. फोटो हाती आला की दिव्याचा आकार, सायलेन्सरची ठेवण, डिस्कचा घेर एवढं तरी दिसतं. कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाने 'काहीतरी चाललंय' म्हटलं तर ती कुणकुण.

पण सुगाव्यालाही मर्यादा असते. दिसलेली गाडी परदेशी बाजारासाठी असू शकते. डॉमिनार इथून बाहेर बऱ्याच देशांत जाते. किंवा जुन्याच गाडीवर फक्त नवा सुटा भाग तपासणं चालू असेल. दिव्याचा फोटो बघून इंजिनाबद्दल बोलायला लागलं की आपण सुगाव्यावरून पुन्हा अटकळीत शिरलो. तसं शिरायला हरकत नाही, पण सांगताना 'दिवा बघितला, इंजिनाचं माझं मत' असं वेगळं सांगावं.

—

साताऱ्याहून

धाग्याच्या शीर्षकातच उत्तराचा मोठा भाग आहे आणि त्यावर कुणी बोललं नाही : 'म्हणे'. 'नवी डॉमिनार येणार म्हणे.' या दोन अक्षरांनी बोलणारा सांगतो की हे माझं नाही, ऐकलेलं आहे. पुढे बघा :

'येणार म्हणे' म्हणजे ऐकीव.
'येईलसं दिसतंय' म्हणजे काहीतरी खूण पाहिली आहे.
'यायला हवी' म्हणजे हिशेबाने तसं निघतं, किंवा नुसती इच्छा आहे. कुठलं ते आवाजावरून कळतं.
'येणारच' म्हणजे बोलणारा जबाबदारी घेतोय.

वर्तमानपत्रात यालाच 'असे समजते' म्हणतात. तोंडी बोलताना आपण हे भेद सहज पाळतो. घोटाळा होतो तो पुढे पाठवताना. साताऱ्यात एकाने लिहिलेलं 'येणार म्हणे' कराडला पोचेपर्यंत 'येणार' होतं, आणि कोल्हापूरला 'बुकिंग सुरू'. मूळ लिहिणाऱ्याने काहीच खोटं सांगितलेलं नसतं, वाटेत 'म्हणे' गळालेलं असतं. अफवा बनायला एवढं पुरतं, कुणी कंडी पिकवायची गरज पडत नाही.

—

इचलकरंजीहून

दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. माझं गॅरेज आहे, आमच्याकडे कुणी 'रीडिझाइन' म्हणत नाही. 'नवा शेप' आणि 'जुना शेप'. गिऱ्हाईक फोनवर सांगतं, 'दादा, जुन्या शेपची आहे, क्लच प्लेट मिळंल का?' पण हा शब्द बाहेरच्या रूपापुरताच आहे आणि डॉमिनारच्या बाबतीत तो फसवतो.

२०१९ ची गाडी घ्या. लांबून बघितली तर टाकी तीच, दिवा तोच. शेप जुनाच. पण आत दोन कॅमशाफ्टचं डोकं आलं, ताकद ३५ वरून ४० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) झाली, पुढचे फोर्क उलटे झाले, सायलेन्सरला दोन तोंडं आली आणि आवाज बदलला. स्पेअर मागताना 'जुना शेप' म्हणून भागत नाही, साल सांगावंच लागतं. याला मी 'आतून बदललेली' म्हणतो.

मग २०२१. कंपनीकडूनच उंच काच, हँडगार्ड, इंजिनखालची पट्टी, मागे कॅरिअर आणि पाठटेकू लागून यायला लागला. इंजिनाला हात लावला नाही. हा 'साज चढवला'. काही लोक याला तुच्छतेने 'नुसतं सामान लावलं' म्हणाले, ते मला पटलं नाही. लांब जाणाऱ्याला छातीवर येणारा वारा अडला आणि बॅग बांधायला जागा झाली, तर दिवसभराच्या प्रवासात त्याचा फरक पडतो.

आणि जुलै २०२५. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, म्हणजे केबलऐवजी विजेच्या इशाऱ्यावर चालणारा अ‍ॅक्सिलरेटर, त्यामुळे रस्ता, पाऊस, स्पोर्ट, ऑफ-रोड असे चार मोड, नवा डिस्प्ले, हँडलची बदललेली ठेवण. इंजिन तेच, पण त्याला हुकूम देण्याची पद्धत बदलली. याला 'सुधारित' हा पुस्तकी शब्द बरोबर बसतो. 'कायापालट' हा शब्द मी या तिन्हींपैकी कशालाच वापरणार नाही. त्याला चासी, इंजिन, रूप असं सगळंच नवं लागेल, आणि तसं २०१६ ते २०२५ मध्ये झालेलं नाही. रंग आणि पट्टे बदलले की फक्त 'स्टिकर बदलले', तिथे दुसरा शब्द शोधूच नये.

—

न्यू जर्सीहून

इथे स्पोर्ट-टूरिंग, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या, म्हटलं की मोठ्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. माझ्या ओळखीतले कावासाकी कॉनकोर्स १४ वाले अनेक वर्षं नव्या शेपची वाट बघत होते. गाडी २००८ च्या मॉडेलपासून, २०१० मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी सोय) आणि काही सुधारणा मिळाल्या, मग मोठं असं काही झालं नाही. पुढे कावासाकीने सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) लावलेली निन्जा एच२ एसएक्स आणली. ती लांब पल्ल्याची, पण तिला मागच्या चाकापर्यंत साखळी. कॉनकोर्सला साखळीऐवजी शाफ्ट, म्हणजे चाकापर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा, त्यामुळे कॉनकोर्सवाल्यांना साखळी नको. शाफ्ट असला की रोज तेल-साफसफाई नाही आणि दूरच्या प्रवासात निश्चिंती. म्हणून 'सुपरचार्जर आणि शाफ्ट एकत्र येणार' हे बोलणं रंगत राहिलं. फोटो नव्हता, कागद नव्हता, कुणाच्या तोंडचा शब्दही नव्हता.

याला अटकळ म्हणता येणार नाही आणि अफवाही म्हणता येणार नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, मनातले मांडे. ते खाण्यात वाईट काही नाही. आपल्या गाडीवर जीव असलेला माणूसच तिच्या पुढच्या रूपाचा इतका बारकाईने विचार करतो. फक्त मांडे खाताना ताट समोर नाही हे लक्षात असावं. डॉमिनारवाल्यांच्या यादीत मोठी टाकी कायम असते असं दिसतं. १३ लिटरची टाकी आणि नाव टूरर, म्हणजे लांब प्रवासाची गाडी, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. पण तिचा सुगावा कुणाला लागलेला वाचनात आला नाही.

—

सोलापूरहून

दोन म्हणींचं नोंदवतो, कारण या संदर्भात त्यांची अदलाबदल फार होते.

'बाजारात तुरी' ही म्हण जी वस्तू घरात आलेलीच नाही तिच्यावरून भांडण्याबद्दल आहे. न आलेल्या गाडीच्या रंगावरून दोघे हमरीतुमरीवर आले, तिथे ती लागू.

'पाण्यात म्हैस, वर मोल' ही वस्तू नीट न बघता किंमत ठरवण्याबद्दल. म्हैस आहे, पण पाण्यात बुडालेली. कास दिसत नाही, पाय दिसत नाहीत. चाचणीची गाडी स्टिकरांखाली झाकलेली असताना 'अडीच लाखांच्या वर एक रुपयाही देऊ नये' म्हणणं हे या म्हणीतलं. पहिल्या म्हणीत भांडण हवं, दुसरीत मोलभाव हवा.

आडाख्याबद्दलही थोडं. शेतीतले पावसाचे आडाखे ज्यांनी ऐकले आहेत त्यांना माहीत असेल की आडाखा एका प्रसंगावरून बांधला जात नाही, पुन्हा पुन्हा घडलेल्यावरून बांधला जातो. २०१६ ला आलेल्या डॉमिनारमध्ये २०१९, २०२१, २०२५ या साली लक्षात येण्यासारखे बदल झाले, त्यामुळे 'काही वर्षं गेली की काहीतरी येतंच' हा आडाखा. त्यात काय येईल ते आडाखा सांगत नाही.

होरा मात्र या धाग्यातून वगळावा असं माझं मत आहे. तो ज्योतिषातला शब्द, आणि 'माझा होरा सांगतो' म्हटलं की कारण विचारायची सोयच राहत नाही.

—

धागा सुरू करणारा

'म्हणे' गळून पडण्याचा मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटला. आणि 'सुगावा' आजपासून वापरणार.

जीएसटी बदलल्यावर सुरू झालेलं बोलणं या शब्दांत बसवून बघतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. २०२५ ची ३७३ सीसीची डॉमिनार या रेषेच्या जेमतेम वर होती. 'म्हणून इंजिन ३५० च्या खाली आणणार' हे विधान माझ्या मते तर्क या सदरात येतं. कारण आहे, हिशेब आहे, आणि तो कुणीही पडताळू शकतो. त्याला जोडून 'मग ताकद ३५ पीएसच्या आत जाणार' असं म्हटलं जातं, ती अटकळ. सीसी घटली तरी ताकद किती ठेवायची हे कंपनीच्या हातात असतं. 'अमुक शोरूमने जुन्या गाड्या देणं थांबवलंय' असं नाव-गाव नसलेलं पुढे येत असेल तर ती आवई. आणि जुना साठा खपवायला कुणी मुद्दाम 'नवी गाडी आता येतच नाही' असं सांगत असेल, तर तिथे कंडी हाच शब्द.

—

नाशिकहून

मी गाडी घ्यायच्या तयारीत आहे, म्हणून सरळ विचारतो. थांबू का?

—

धागा सुरू करणारा

दादा, कधी लागणार आहे गाडी? या उन्हाळ्यात लांब जायचं नक्की असेल तर आजची गाडी चालवून बघा, पटली तर घ्या. जे पुढे येईल असं आपण इथे बोललो त्यात तर्क आहे, आडाखा आहे, पण तारखेचा सुगावा एकाचाही नाही. घाई नसेल तर थांबा. तोवर कुणी 'येत्या महिन्यात येणार' म्हणालं, तर त्यांनी स्वतः काय पाहिलं तेवढं विचारा.