ग्रीसला जुलैत जाताय तर हे वाचाच

आई-बाबांना घेऊन जुलैत अथेन्स आणि सँटोरिनी बेट करताय आणि चिंता फक्त पाकीटमारांची वाटतेय. ती रास्तच आहे. विमानतळावरून शहरात येणाऱ्या मेट्रोत आणि मोनास्तिराकी स्टेशनच्या गर्दीत पासपोर्ट आतल्या खिशातच हवा. पण मला जास्त काळजी उन्हाची वाटते. पारा चाळिशी ओलांडतो. 2023 आणि 2024 च्या उष्णतेच्या लाटांत अथेन्समधलं टेकडीवरचं प्राचीन देवळांचं ठिकाण अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं होतं. वर सावली जवळजवळ नाही आणि पायाखालचा संगमरवर घासून इतका गुळगुळीत झालाय की चपला घालून ज्येष्ठांनी चढूच नये. सकाळी उघडतानाचीच वेळ घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांशी आधी बोला.

अथेन्समध्ये नळाचं पाणी पिता येतं, सँटोरिनीत मात्र बाटलीचंच घ्या. उन्हाळ्यात मेल्टेमी नावाचे जोराचे उत्तरी वारे सुटले की फेरीबोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्सला या.

आणीबाणीत 112, पर्यटक पोलीस 1571. दोन्ही नंबर आई-बाबांच्या फोनमध्येही आजच घालून ठेवा.