३०१८ (छोटं सीएनसी मशीन) वर पीसीबी (सर्किट बोर्ड) पकडायचा कसा? मधे फुगतो, मधले ट्रॅक (तांब्याच्या रेघा) उडतात

यावल_मोटरवाला
राम राम मंडळी. घरी ओसरीत ३०१८ लावलीय, ७७५ मोटरचा स्पिंडल (बिट फिरवणारा भाग). विहिरीतलं पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारा बोर्ड बनवतोय, १०० बाय ७० मिमी, एकाच बाजूला कॉपर, एफआर४ (काचेच्या धाग्यांचा), १.६ मिमी जाडीचा. लाईट रात्री येते अन् दरवेळी बॅटरी घेऊन शेतात जाणं होत नाही, म्हणून हा बोर्ड मला खरंच पाहिजे. मशीनसोबत आलेले चार क्लॅम्प चार कोपऱ्यांना घट्ट आवळतो, कोपऱ्यावर झेड झिरो (उंचीचा शून्य) घेतो, कापायची खोली ०.१ मिमी देतो, बिट ३० डिग्रीचं व्ही, टोक ०.१. तरी मधले ट्रॅक केसासारखे बारीक होतात, दोन तर पूर्ण उडाले, आणि उजव्या कडेला कॉपर कापलंच जात नाही. तीन बोर्ड वाया गेले. अजून घट्ट आवळू का?

भुसावळ_जंक्शन
नका आवळू भाऊ, त्यानंच होतंय हे. कोपरे दाबले की पातळ बोर्ड मधे वर येतो, जितकं आवळाल तितका जास्त. स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघा, मधे अन् कडेला फरक दिसेल. आता हिशेब करा, ३० डिग्रीच्या बिटानं ०.१ खोल गेलं तर रेघ साधारण ०.१५ रुंद पडते, पण मधे बोर्ड ०.३ वर आला असेल तर तिथं बिट ०.४ खोल जातं आणि रेघ होते ०.३१ ची, म्हणजे दुप्पट. तुमचे ट्रॅक तिथंच खाल्ले जातात. कॉपर तर फक्त ३५ मायक्रॉनचं असतं भो, तेवढंच कापायचं असतं.

मी क्लॅम्प वापरणं सोडलं. बोर्डाची पाठ आणि खालचा एमडीएफ दोन्ही आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसतो, दोन्हीवर मास्किंग टेप लावतो, पट्ट्या एकमेकीवर चढू द्यायच्या नाहीत नाहीतर तिथं उंचवटा होतो, मग जुन्या एटीएम कार्डानं घासून बुडबुडे काढतो. बोर्डाच्या टेपवर फेविक्विकच्या नागमोडी रेघा, उलटा टेकवायचा आणि सपाट लाकडी ठोकळ्यानं अर्धा मिनिट दाबून धरायचा. जागचा हलत नाही, अन् मधेही तितकाच दबलेला राहतो. काढताना कोपऱ्यातून पातळ पट्टी सरकवा, हेअर ड्रायरनं थोडं गरम केलं की टेप सुटतो.

एक गोष्ट विसरतात लोक, हॅक्सॉनं कापलेल्या बोर्डाच्या कडेला बर (कापल्यावर उरलेली धारदार कंगोरी) असतो. तो खाली राहिला तर काहीही चिकटवा, बोर्ड उचललेलाच राहणार. आधी फाईलनं कडा घासा.

धुळे_टूलरूम
वरचं सगळं बरोबर, पण उजवी कडा कापली जात नाही त्याला क्लॅम्प नाही, बेड कारण आहे. तुमचा बेड स्पिंडलच्या चालीला समांतर नाही. एमडीएफचा तुकडा बेडवर स्क्रूनं बसवा (स्क्रूची डोकी खोल बुडवा) आणि त्याच मशीननं वरून ०.२-०.२ नं फेसिंग (वरचा थर कापून सपाट) करून घ्या, मग त्याला हात लावू नका. पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगतो, मी जुलैत एकदा नव्यानं फेस करतोच.

डबल टेप वापरायचा असेल तर पातळ टिश्यूवाला घ्या, फोमवाला मुळीच नको, तो दाबला जातो आणि बिट खाली आलं की बोर्ड हलतो. आपल्याकडे एप्रिल-मेमधे पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या शेडमधे तर गम इतका मऊ पडतो की कापताकापता बोर्ड सरकतो. त्या दिवसांत सकाळी काम उरका.

यावल_मोटरवाला
धन्यवाद दादा, बर होताच, फाईल मारल्यावर कळलं. पण पुढचा बोर्ड दोन्ही बाजूंचा आहे, पलटल्यावर भोकं जुळतील का? आणि फेसिंग केल्यावर ऑटो लेव्हल (बोर्डाची उंची जागोजागी मोजून खोली जुळवणं) लागतंच का?

नंदुरबार_लॅबताई
लागतंच असं समजा. बोर्ड स्वतःच थोडा वाकलेला असतो, बेड कितीही सपाट केला तरी. क्लिपची एक वायर बिटाला, दुसरी कॉपरला, जीआरबीएलमधे (मशीनच्या कंट्रोलरमधला प्रोग्राम) प्रोब पिन, म्हणजे बिट टेकल्याचा सिग्नल घेणारी पिन, ए५ असते. कँडलमधे (मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) हाईटमॅप (उंचीचा नकाशा) घेऊन १० मिमीच्या जाळीनं टेकवत न्या, १०० बाय ७० ला ८८ बिंदू होतात, वेळ जातो पण बोर्ड वाचतो. आधी क्लिप हातानं टेकवून सिग्नल येतो का ते बघा, नाहीतर बिट कॉपरमधे घुसून मोडेल. आणि लक्षात घ्या, हाईटमॅप वाकलेपणा भरून काढतो, हलणारा बोर्ड नाही, म्हणून आधी चिकटवणं.

पलटण्यासाठी बोर्डात ट्रॅकबाहेर दोन ३ मिमीची भोकं पाडा, थेट खालच्या एमडीएफपर्यंत, दोन्ही भोकं मशीनच्या एक्स अक्षावर एकाच रेषेत. त्यात ३ मिमीच्या पिना ठेवा, बोर्ड त्या रेषेभोवती उलटा करून पिनांवर बसवा अन् पुन्हा चिकटवा. एक्स-वायचा झिरो बदलू नका.

अजून एक, मनापासून सांगते. एफआर४ ची धूळ काचेची असते. ओसरीत मुलं येजा करत असतील तर व्हॅक्युमचा नळ बिटाजवळ धरा, मास्क लावा, आणि फुंकर मारून साफ करू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

यावल_मोटरवाला
ताई, मास्क आणला. एमडीएफ फेस केला, टेप-फेविक्विकनं चिकटवला, हाईटमॅपमधे सगळ्यात उंच आणि खोल बिंदूत ०.०६ चाच फरक आला. सगळे ट्रॅक सुटे निघाले, मल्टिमीटरनं एकेक तपासले, कुठं शॉर्ट नाही. फक्त बाहेरची कड कापताना १ मिमीच्या बिटाला टेपचा गम लागला.

भुसावळ_जंक्शन
टेप आहे तिथं कड पूर्ण कापू नका भो, चार जागी ०.५ चे टॅब ठेवा अन् नंतर फाईलनं मोडा. बिटाचा गम ॲसिटोनमधे बुडवून ब्रशनं निघतो.