वेग १०० एमबीपीएस, तरी व्हिडिओ कॉलवर आवाज का तुटतो?

प्रश्न
ब्रॉडबँड खाली १००, वर १० एमबीपीएस. तरी संध्याकाळी न्यूयॉर्कच्या नातेवाइकांशी बोलताना चित्र गोठतं, आवाज तुटतो. एव्ही१ कोडेकवाला (व्हिडिओ दाबून लहान करण्याची नवी पद्धत) नवा फोन घेतला तर फरक पडेल का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
फोनवर पैसे घालू नका. ७२०पी कॉलला एक-दोन एमबीपीएस पुरतात. तुमच्याकडे पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) उशिरा पोचत असणार. घरातला एखादा फोन फोटो क्लाउडवर चढवू लागला की अपलोडची रांग साचते आणि आवाजाची पाकिटं तिच्या शेपटाला उभी राहतात. विंडोज लॅपटॉपवर 'पिंग -टी ८.८.८.८' (गूगलच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ दाखवणारी आज्ञा) चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून मोठी फाइल अपलोड करा. आकडा २० मिलिसेकंदांवरून २००-३०० वर उडाला तर दुखणं हेच.

उपाय: राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे रांग आटोक्यात ठेवणारी सोय, असेल (ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त सॉफ्टवेअरवर तिचं नाव 'केक') तर ते लावा आणि अपलोडची मर्यादा ९ एमबीपीएस द्या. मर्यादा खऱ्या वेगाहून कमीच हवी, नाहीतर रांग परत मोडेममध्ये जाऊन बसते आणि तिथे राउटरचं काही चालत नाही.

प्रतिसाद २
त्याआधी राउटरलाच पिंग करा (बहुधा १९२.१६८.१.१). तोच आकडा उड्या मारत असेल तर दोष वायफायचा. सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ एवढेच चॅनल एकमेकांवर न चढणारे, आणि शेजारीपाजारी सगळे त्यांवरच. ५ गिगाहर्ट्झ घ्या, शक्य असेल तर सरळ केबल लावा.

प्रतिसाद ३
एव्ही१बद्दल. १९८८चं एच.२६१ हे कोडेक आयएसडीएनच्या (तेव्हाच्या डिजिटल फोनलाइनच्या) ६४ केबीपीएसच्या पटींवर बेतलेलं, चित्र जेमतेम ३५२×२८८. तेव्हा सगळी लढाई बिट वाचवण्याची होती. २००३चं एच.२६४, २०१८चं एव्ही१ त्याच वाटेवरचे. कमकुवत मोबाइल नेटवर्कवर एव्ही१चा फायदा खरा आहे, पण दोन्ही टोकांना हवा. शिवाय बऱ्याच फोनांत हार्डवेअर फक्त डिकोडिंगचं असतं. एन्कोडिंग प्रोसेसरवर पडलं की फोन तापतो, फ्रेम गळतात.

वाटेतला उशीर मात्र कुठलाच कोडेक कमी करत नाही. सहज संभाषणासाठी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) शिफारस एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून वळसे घेत जाणाऱ्या केबलवर मुंबई-न्यूयॉर्कला एका बाजूचे शंभरेक मिलिसेकंद वाटेतच संपतात. उरलेल्या पन्नासात कॅमेरा, एन्कोडिंग, बफर सगळं बसवायचं. यापुढची खरी सुधारणा इथेच व्हायला हवी, ४के चित्रात नव्हे.

प्रश्नकर्ता
राउटरला पिंग ३, बाहेर अपलोड चालू असताना २८०. कंपनीच्या राउटरमध्ये एसक्यूएम दिसत नाही.

प्रतिसाद १
मग रांगच. एसक्यूएमवाला राउटर मोडेमच्या मागे जोडा, कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करून घरातली सगळी उपकरणं नव्यावर घ्या. तोवर कॉलच्या वेळी सगळ्या फोनांचा फोटो बॅकअप थांबवा.