गावात ब्रेस्ट कॅन्सरबद्दल बोलायचं कसं?

रानफूल: आमचा एनएसएसचा कॅम्प आहे, आम्ही पाच मुली स्तनाच्या कॅन्सरवर बोलणार पण विषय काढला की बायका तोंडाला पदर लावून उठूनच जातात, काय करू?

मोगरा: आधी आशाताईंना गाठ. आमच्याकडे त्यांनीच बायका जमवल्या, पुरुष बाहेर, दार बंद. मग सांगितलं की गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही म्हणून अंगावर काढू नका, काखेत गाठ, कातडी आत ओढलेली, बोंडातून रक्त, काहीही दिसलं तर लगेच दाखवा. सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात हे पण सांग, भीतीनेच लपवतात गं.

सह्याद्री: मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीची, सोय नाही म्हणून अडू नका. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्यांना ट्रेनिंग घेतलेल्या सेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या, तरी पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले!

रानफूल: माझ्या मावशीने वर्षभर लपवलं होतं, म्हणून तर हे करतेय. आशाताईंना उद्याच भेटते.