रेडिओ, आरोग्यसंदेश आणि मच्छरदाणी: दोन सर्वेक्षणांची तुलना कशी करावी?

प्रश्न: एकाच देशाच्या डीएचएस (लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षण) आणि मलेरिया निर्देशक सर्वेक्षणातील आकडे मी शेजारी ठेवले आहेत. आठवड्यातून एकदा तरी रेडिओ ऐकणाऱ्या स्त्रियांमध्ये मच्छरदाणीचा वापर जास्त दिसतो, पण दोन्ही सर्वेक्षणांतील टक्केवारी बरीच वेगळी येते. हा फरक रेडिओवरील मलेरियाविषयक संदेशांमुळे पडला असे म्हणता येईल का?

उत्तर १: इतक्यावरून तसे म्हणता येणार नाही. आधी महिने तपासा. मलेरिया सर्वेक्षण शक्यतो पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच होते, तर डीएचएस बऱ्याचदा कोरड्या हंगामात. आणि ‘काल रात्री मच्छरदाणीत कोण झोपले होते’ हा प्रश्न डास नसताना विचारला, तर उत्तर साहजिकच कमी येते.

उत्तर २: ऋतूइतकाच घरातील मच्छरदाण्यांचा पुरवठा महत्त्वाचा आहे. एका मच्छरदाणीत दोन माणसे हे प्रमाण धरून आधी उपलब्धता काढा आणि वापर तिच्याशी ताडून पाहा. पाच जणांच्या घरात एकच मच्छरदाणी असेल, तर रेडिओवर कितीही सांगितले तरी बाकीचे उघड्यावरच झोपणार.

प्रश्नकर्ता: आणि संदेश ऐकल्याचा प्रश्न थेट वापरला तर?

उत्तर १: वापरा, पण ‘गेल्या सहा महिन्यांत मलेरियाविषयी काही ऐकले का’ हे आठवणीवर अवलंबून असते, आणि जिच्या घरी मच्छरदाणी आहे तिलाच ते अधिक आठवण्याची शक्यता असते. शिवाय रेडिओ असलेले घर बहुधा थोडे सधन असते, त्यामुळे संपत्ती, शिक्षण आणि शहरी-ग्रामीण भेद सांख्यिकी प्रारूपात घेतल्याखेरीज, तसेच नमुन्याचे भारांक (प्रत्येक उत्तराला लोकसंख्येतील वाट्यानुसार दिलेले वजन) लावल्याखेरीज, कोणताही निष्कर्ष काढू नये.