‘बदकं पाळणारे पक्षिप्रेमी नव्हेत’ म्हणणाऱ्यांना

मखमलाबादकर
काल इथे कुणीतरी लिहिलं, "शोभेची बदकं पाळणं म्हणजे फार्महाउसवाल्यांचा माज. खरी बदकं बघायची तर थंडीत नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात या." सोडून द्यावं म्हटलं, पण रात्रभर डोक्यातून जाईना.

१२ वर्षं मँडरिन, म्हणजे रंगीत शोभेची बदकं, पाळतोय. माज कसला? पहिल्या वर्षी ११ अंडी, पिल्लू एक नाही. मादीला झाडाच्या ढोलीसारखी उंचावर पेटी लागते, हे विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं. तिने अंडी उघड्यावर टाकली. पुढच्या वर्षी खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवली. कोंबडीचा हिशेब २१ दिवसांचा, मँडरिनला लागतात २८ ते ३०. चोविसाव्या दिवशी बाई उठून चालत्या झाल्या. उरलेले दिवस अंडी उबवायच्या मशीनमध्ये काढले, ३ पिल्लं निघाली. आईने गल्लीत पेढे वाटले.

आणि हवाईचा नेने हंस जगात तीसेक उरला होता. तो इंग्लंडात स्लिमब्रिजच्या पक्षिकेंद्रात पाळून, वाढवूनच परत सोडला. तेही माजच का?

गोदाकाठचा_भटक्या
कालचं मीच लिहिलंय, आणि अजून तेच म्हणतो. स्लिमब्रिजचं अर्धंच सांगितलंत. अमेरिकेची रडी बदकं तिथूनच निसटली, स्पेनपर्यंत पोचली, तिथल्या दुर्मिळ पांढऱ्या डोक्याच्या बदकांशी संकर करू लागली. शेवटी ब्रिटनमध्ये हजारोंना गोळ्या घालाव्या लागल्या. उद्या कुणाचं पाळलेलं मॅलार्ड बदक उडून गंगापूर धरणात आपल्या हळदी-कुंकू बदकाशी जमलं, तर निस्तरणार कोण?

मखमलाबादकर
मॅलार्ड मी ठेवत नाही. मँडरिनचा दुसऱ्या बदकांशी सहसा संकर होत नाही. वाचून या.

गोदाकाठचा_भटक्या
वाचलंय. पंखांचं बोला. कापता की नाही?

मखमलाबादकर
नाही. वरून जाळी आहे. पिसं छाटली तर झडून पुन्हा येतात. पंखाचं टोकच कापलं तर जन्माचं अधू. विकणारे पिल्लू दोन-चार दिवसांचं असतानाच कापून टाकतात. माझी पहिली जोडी तशीच होती. तेव्हा मला कळलंही नव्हतं. झालं समाधान?

सिन्नरची_सून
तुमचं चालू द्या, पण मला एक सांगा. परवा एका रिसॉर्टवर "राजहंसासोबत फोटो, ५० रुपये" अशी पाटी होती. उभी काय, तर चोचीवर गाठ असलेली पांढरी गूझ! वर माझ्या मुलाला चावली.

पंचवटीचे_काका
आमच्याकडे त्यालाच राजहंस म्हणतात. पन्नास वर्षं म्हणतोय.

गोदाकाठचा_भटक्या
चुकीचं म्हणताय काका. राजहंस म्हणजे पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून नांदूरला येतो. फार्मवरचं ते पाळीव जनावर आहे.

मखमलाबादकर
इथे भटक्याशी सहमत, नाइलाजाने. गाठवाली ती चिनी गूझ. बिनगाठीची पांढरी एम्डेन, ती रानटी कलहंसापासून आली. लांब मानेचा स्वान तिसराच. दुकानदार तिन्हींना राजहंस म्हणून विकतो, कारण नावाला भाव आहे.

पंचवटीचे_काका
पट्टकादंब राखाडी ना हो? अमरकोशात राजहंस पांढरा सांगितलाय, चोच लाल, पाय लाल. सरस्वती काय राखाडी पक्ष्यावर बसली होती? दुर्बीण घेतली म्हणजे पंडित होत नाही.

गोदाकाठचा_भटक्या
…बरं. अमरकोशाचं मान्य. पण मग तुमची गूझही त्यात बसत नाही, तिची चोच नारिंगी.

सिन्नरची_सून
नारिंगी म्हणजे लालच की, असं म्हणून रिसॉर्टवाला ५० घेणार.

निफाडचा_बागायतदार
झालं का हंसपुराण? दुर्बिणवाल्यांनी आधी एक सांगावं. थंडीत तुमच्या गाड्या आमच्या बांधावर लागतात, मिसळीच्या प्लेटा आमच्या द्राक्षबागेत पडतात. तेव्हा कुठे जातं पक्षिप्रेम? पाळणारा निदान स्वतःची घाण स्वतः काढतो.
आणि मखमलाबादकर, माझी ९ पिल्लं शेततळ्यात बुडाली. बदकाचं पिल्लू बुडतं कसं?

मखमलाबादकर
प्लास्टिकचा कागद निसरडा, चढता येत नाही, दमून जातात. काठाला फळी किंवा गोणपाट खिळवा. मशीनची पिल्लं असतील तर सुरुवातीला तळं नकोच, भिजून गारठतात. उथळ थाळी द्या, आत गोटे टाका.

गोदाकाठचा_भटक्या
प्लेटांचं खरंय, लाज वाटते. बाकी पिंजऱ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण ती जाळी आणि पेटी एकदा बघायचीय. पावसाळ्यात आलो तर चालेल?

मखमलाबादकर
या, पण पावसाळ्यात नको. तेव्हा नराची रंगीत पिसं झडून तो मादीसारखा दिसतो, चोच तेवढी लाल राहते. तुम्ही बघाल आणि इथे येऊन लिहाल, फसवलं म्हणून.