अनुभव धागा: ऑफिसात चारचौघांत बोलायची वेळ आली तेव्हा…

दोन वर्षांपूर्वी क्लायंटसमोर डेमो होता. सगळं पाठ. पण पहिली स्लाइड लागली आणि तोंडाला कोरड पडली. "गुड मॉर्निंग" म्हणालो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. मग टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करायच्या क्लबला जायला लागलो. तिथे टेबल टॉपिक्सला विषय आयत्या वेळी मिळतो. एका मिनिटाला हिरवं कार्ड, दीडला पिवळं, दोनला लाल. शिवाय एक जण फक्त तुमचे 'अं' आणि 'म्हणजे' मोजत बसलेला. माझे पहिल्याच दिवशी १४ 'म्हणजे' भरले. तुमचं काय झालं ते लिहा. फजिती असेल तर आधी लिहा.

*

चाकणला कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, शिफ्ट इन्चार्ज आहे. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं टूलबॉक्स टॉक, म्हणजे सेफ्टीबद्दल छोटं बोलणं, घ्यावी लागते. सुरुवातीला सेफ्टीवाल्यांनी दिलेला कागद वाचून दाखवायचो. समोर तीस जण, निम्मे बिहार-ओडिशाचे, बाकी बीड-लातूरचे, सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे. एकदा कागद घरीच राहिला. खिशात रात्रपाळीतला एक हातमोजा होता, शीट उचलताना तर्जनीपाशी उभा चिरलेला. तोच घातला आणि चिरेतून बोट बाहेर काढून दाखवलं. "ये किसका है?" मागून एक पोरगा म्हणाला, "मेरा." "उंगली दिखा." बोट शाबूत होतं. सगळे हसले, पण त्या दिवशी नवे हातमोजे मागायला स्टोअरला रांग लागली. स्टोअरवाला अजून माझ्यावर डूख धरून आहे.

*

हातमोजा भारीच!

मी ग्रामसेविका. नोकरीतली पहिली ग्रामसभा १५ ऑगस्टची. वित्त आयोगाचा निधी समजावत होते: बंधित ६० टक्के, अबंधित ४० टक्के. पुढे बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "बाई, ते बांधलेलं-सोडलेलं राहू दे. आमच्या गल्लीत नळ कधी?" कागद मिटला. म्हटलं, "आजी, शंभर रुपये आले तर त्यातले साठ पाण्याला आणि स्वच्छतेलाच लावायचे. रस्त्याला नाही चालत, नळाला चालतात." आजी म्हणाल्या, "मग लाव की!" अख्खी सभा हसली, आणि ठरावात पहिलं काम त्यांच्या गल्लीचं आलं.

*

स्टाफ नर्स आहे. आमचं भाषण फोनवर, रात्री दोनला, झोपेतून उठलेल्या डॉक्टरांसमोर. पूर्वी म्हणायचे, "सर, पेशंटला जरा बरं वाटत नाहीये." पलीकडून वैतागलेला आवाज, "म्हणजे काय?" मग ट्रेनिंगमध्ये एसबार शिकवलं: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. आता सांगते, "सर, बेड सात, काल ऑपरेशन झालेलं. बीपी ८०/५०, दोन तासांत लघवी २० मिली. आत रक्तस्राव असावा असं वाटतंय. तुम्ही येऊन बघा." यातलं शेवटचं वाक्य तोंडातून निघायला मला दोन वर्षं लागली.

*

माझं उलटंच. बँकेत एकाच्या निरोप समारंभाला बरी बोलले. झालं! तेव्हापासून नऊ वर्षं प्रत्येक समारंभाचं सूत्रसंचालन माझ्याच गळ्यात. हिशेबांचं क्लोजिंग असलं तरी सुटका नाही. ३१ मेला दोघं रिटायर होतायत. यंदा शाल-श्रीफळही मीच आणायचंय.